डोमकावळा म्हणजे रेव्हन नव्हे: कोकणात कावळे ओळखायची पद्धत

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'रेव्हन' शोधलं की समोर 'डोमकावळा' छापलेलं असतं. घोळ तिथूनच सुरू होतो. माडावर बसलेला काळाकुट्ट, जाड चोचीचा कावळा दिसला की कुणीतरी त्याचा फोटो 'आमच्या वाडीतला रेव्हन' म्हणून टाकतं, फोटोवरून पक्षी ओळखणारं अ‍ॅपही तोच अंदाज देतं, आणि चुकीची नोंद पक्की होते.

खरी स्थिती अशी आहे की कोकणात रोज दिसणारे कावळे दोनच. एक गावकावळा, म्हणजे मानेवर राखी पट्टा असलेला. दुसरा डोमकावळा, म्हणजे पूर्ण काळा. रेव्हन ही तिसरी, निराळी जात. भारतात ती झाडांच्या रेषेवरच्या उंच हिमालयात आणि वायव्येच्या कोरड्या मुलखात, राजस्थानच्या वाळवंटाकडे दिसते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ती अपेक्षितच नाही. तिघंही 'कॉर्व्हस' या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) मोडतात, त्यामुळे साम्य भरपूर आहे. साम्य बघून ओळख ठरवली की फसगत होते. खाली दिलेला क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका खूण माहीत नसल्यामुळे होत नाहीत, चुकीची खूण आधी पाहिल्यामुळे होतात.

तयारी

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पटीची आणि ४२ मिमी भिंगाची, पुरेशी आहे. १० पटीची घेतली तर होडीत किंवा वाऱ्यावर हात हलतो आणि चोचीची कड दिसत नाही. सोबत वही-पेन्सिल आणि आवाज टिपायला मोबाइल. पावसाळ्यात दुर्बिणीची भिंगं सतत धुरकटतात, म्हणून एक कोरडं सुती फडकं खिशात असावं. शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नका. खाऱ्या वाऱ्याने आलेले बारीक कण काचेवर घासले जातात.

जागा अशी निवडा की कावळ्याशेजारी दुसरा ओळखीचा पक्षी बसलेला असेल. मासळीचा लिलाव ही त्यासाठी उत्तम जागा. हर्णै, रत्नागिरीचं मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला, कुठलीही जेटी चालेल. तिथे कावळे, घारी आणि बगळे एकाच ढिगाभोवती जमतात आणि आकाराची मोजपट्टी आयती मिळते. मात्र जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जेटी ओस पडते. तेव्हा सुकट वाळवायची जागा, आठवडी बाजार किंवा गावाबाहेरचा उकिरडा बघा. भाद्रपदातल्या पितृपक्षात कुठे जायचीही गरज नाही. पितरांच्या नैवेद्याची वाडी ठेवली की कावळे अंगणाच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) येतात आणि दहा-पंधरा फुटांवरून दिसतात.

टप्पा १: सूर्य पाठीशी घ्या

काळ्या पक्ष्याचं निरीक्षण उजेडाच्या विरुद्ध बाजूने केलं की सगळेच कावळे डोमकावळे दिसतात. कोकणात दिशा लक्षात ठेवणं सोपं आहे. सकाळी ऊन सह्याद्रीकडून येतं, म्हणून डोंगराकडे पाठ करून समुद्राकडे पाहा. संध्याकाळी उलट: समुद्राकडे पाठ, नजर वाडीकडे. सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर टिपलेली कावळ्याची सावली फोटो म्हणून छान दिसते, ओळखीला तिचा उपयोग शून्य.

*तपासणी:* पक्ष्याच्या पाठीची पिसं वेगवेगळी दिसतायत का? सगळा पक्षी एकच काळा डाग वाटत असेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका, आधी जागा बदला.

टप्पा २: मान पाहा, आणि फक्त मान

गावकावळ्याचं कपाळ, डोक्याचा वरचा भाग आणि गळा चकचकीत काळा असतो. मधला पट्टा, म्हणजे मागची मान, मानेच्या बाजू आणि छातीचा वरचा भाग, राखी. अंगावर राखी उपरणं घेऊन काळी टोपी घातल्यासारखा तो दिसतो. राखी रंग सगळीकडे सारखा गडद नसतो. कोरड्या वायव्येकडचे गावकावळे फिके आणि दक्षिण टोकाकडचे जास्त गडद असतात. म्हणून उत्तर भारतातल्या फोटोशी आपल्या कावळ्याची तुलना करून 'याचा राखी रंग कमी, म्हणजे डोमकावळा' असा निष्कर्ष काढू नका. पट्ट्याची सीमा दिसते की नाही, एवढंच बघायचं.

डोमकावळ्यात ही सीमा नसते. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच काळा, वर निळसर-जांभळी झाक.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, ओला गावकावळा. पावसात भिजला की राखी पिसं गडद होतात आणि पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. तो पंख झटकून सुकेपर्यंत दहा मिनिटं थांबा. सर कोसळतच राहिली तर टप्पा ३ वर जा, मानेवरून काही ठरवू नका.

दुसरं, डोमकावळ्याच्या मानेवरची चमक. दुपारच्या उन्हात त्याची मागची मान इतकी चकाकते की राखी वाटते. उपाय सोपा आहे. चार पावलं डावीकडे सरका. चमक असेल तर ती पक्ष्याच्या अंगावर जागा बदलते, राखी रंग असेल तर तो जिथल्या तिथे राहतो.

तिसरं, नुकतं उडायला लागलेलं गावकावळ्याचं पिल्लू. त्याचा पट्टा मळकट आणि सीमा पुसट असते. मे-जूनमध्ये अशी पिल्लं पुष्कळ दिसतात. पिल्लू एकटं क्वचित असतं, तेव्हा त्याला भरवायला येणारा मोठा कावळा पाहा.

*तपासणी:* राखी पट्टा स्वच्छ दिसला तर काम संपलं, तो गावकावळा. पुढचे टप्पे फक्त पूर्ण काळ्या दिसणाऱ्या पक्ष्यासाठी आहेत.

टप्पा ३: चोच आणि कपाळ, बाजूने

पक्षी एका बाजूला मान वळवेपर्यंत वाट पाहा. समोरून चोच नेहमी बारीक दिसते आणि तीन-चतुर्थांश कोनातून तर काहीच कळत नाही.

डोमकावळ्याची वरची चोच जाड असते आणि तिची वरची कड ठळक कमानीसारखी वाकलेली. कपाळ चोचीच्या मुळाशी एकदम चढतं, त्यामुळे चोच आणि कपाळ यांच्यात खाच पडल्यासारखी वाटते. गावकावळ्याची चोच त्या मानाने सडपातळ. एक लक्षात ठेवा: कपाळाचा हा चढ पिसांचा असतो, हाडाचा नाही. पक्षी घाबरला किंवा वाऱ्याकडे तोंड करून बसला की डोक्यावरची पिसं सपाट होतात आणि डोमकावळ्याचं कपाळही गुळगुळीत दिसतं. म्हणून किमान दोन मिनिटं सलग पाहायचं. एका क्षणाच्या फोटोवर कपाळाची खूण कधीच टेकवू नये. चोचीची कमान मात्र बदलत नाही. दोन्हीपैकी एकाच खुणेवर भरवसा ठेवायची वेळ आली तर चोच धरा.

चोचीच्या मुळाशी नाकपुड्या झाकणारे राठ केस तिन्ही जातींत असतात. 'केस दिसले म्हणजे रेव्हन' हा गैरसमज आहे. रेव्हनमध्ये ते वरच्या चोचीवर बरेच पुढपर्यंत जातात, पण हा फरक जेटीवर पन्नास फुटांवरून मोजायचा नसतो.

टप्पा ४: आकार, पण शेजाऱ्याशी मोजून

'खूप मोठा होता हो' ही सर्वांत निरुपयोगी नोंद. एकटा पक्षी उघड्या कातळसड्यावर बसला की मोठा वाटतो, तोच माडाच्या झावळीत लहान. आकार कधीही एकट्या पक्ष्यावरून ठरवू नका.

मोजपट्टी अशी: पारवा सुमारे ३३ सेंमी, गावकावळा ४० च्या जरा वर, डोमकावळा साधारण ४५ ते ५०, आणि घार ६० च्या आसपास. रेव्हन साठीच्या घरातला, म्हणजे लांबीने घारीच्या तोडीचा. वजनात फरक आणखी मोठा आहे. गावकावळा पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम भरतो, रेव्हन सहसा किलोच्या वर. म्हणजे एका रेव्हनच्या वजनात तीन-चार गावकावळे बसतील.

त्यामुळे जेटीवर एकच प्रश्न विचारायचा: हा काळा पक्षी शेजारच्या घारीइतका आहे का? उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असतं. डोमकावळा गावकावळ्यांच्या घोळक्यात थोराड दिसतो, पण घारीजवळ बसला की त्याचा मोठेपणा ओसरतो.

*खबरदारी:* थंडीत किंवा भिजल्यावर पिसं फुलवलेला डोमकावळा दीडपट दिसतो. त्याने पिसं अंगाशी घेतल्यावर पुन्हा तुलना करा.

टप्पा ५: आवाज

आपण 'काव काव' म्हणतो तो गावकावळ्याचा, नाकातून आल्यासारखा, जरा वरच्या पट्टीतला. डोमकावळ्याचा 'क्रा' खोल आणि घोगरा असतो. रेव्हनची हाक आणखी खालची आणि घुमणारी, 'क्रोंक' किंवा 'प्रुक' अशी, कुणी रांजणात तोंड घालून बोलावं तशी.

वाचताना हा फरक स्पष्ट वाटतो, प्रत्यक्षात इथेच गोंधळ उडतो, कारण डोमकावळा फक्त 'क्रा' म्हणत नाही. विणीच्या दिवसांत आणि जोडीदाराजवळ बसला असताना तो घशातल्या घशात गुरगुरतो, लाकडावर ठोकल्यासारखे आवाज काढतो. हे ऐकून रेव्हन जाहीर करणारे बरेच आहेत. कावळे शास्त्राने गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गटात मोडतात, आणि स्वरयंत्र समृद्ध असल्यामुळे एका जातीकडे एकच हाक कधीच नसते. (गावकावळ्याला गायक म्हणणं पटायला जड जातं, पण वर्गीकरण तेच सांगतं.)

पद्धत अशी: निदान ३० सेकंदांचं ध्वनिमुद्रण घ्या, मोबाइलचा माइक वाऱ्याच्या उलट बाजूला धरा, आणि पक्ष्याने एकच हाक निदान पाचदा दिलेली असू द्या. अ‍ॅपला आवाज ऐकवण्याआधी त्यातलं ठिकाण कोकणातलं आहे ना ते पाहा. ठिकाण बंद असलं की जगभरची यादी उघडते आणि युरोप-अमेरिकेतले पक्षी सुचवले जातात.

टप्पा ६: उडताना शेपूट आणि पंख

पक्षी डोक्यावरून जाताना पसरलेली शेपूट खालून पाहायची. गावकावळा आणि डोमकावळा या दोघांच्या शेपटीचं टोक गोलसर असतं, डोमकावळ्याचं थोडं जास्त. रेव्हनची मधली पिसं लांब असल्याने शेपूट पाचरीसारखी, जवळजवळ शंकरपाळ्याच्या टोकासारखी दिसते.

पिसं गळायच्या काळात ही खूण वापरू नका. वीण आटोपल्यावर, पावसाळ्यापासून पुढचे काही महिने, कावळ्यांची जुनी पिसं गळून नवी येतात. कडेची दोन पिसं नसली की साध्या गावकावळ्याची शेपूटही पाचर बनते. शेपूट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, पंखांत खिंडारं आहेत का, ते आधी पाहा. खिंडारं असतील तर शेपटीचा पुरावा बाद.

घिरट्यांचंही तसंच. रेव्हन पंख सपाट पसरून बराच वेळ तरंगतो, हवेत कोलांट्याही मारतो, आणि कावळा मुख्यतः पंख मारत उडतो. हे खरं असलं तरी घाटमाथ्याला किंवा समुद्रकड्याला वारा आपटून वर चढतो तिथे डोमकावळेही आरामात तरंगतात. कड्यावरच्या घिरट्या पाहून काही ठरवू नये.

टप्पा ७: तरीही रेव्हनचा संशय असेल तर

पुढच्या पाचपैकी निदान तीन खुणा एकाच पक्ष्यात, एकाच वेळी, फोटोसह मिळायला हव्यात: घारीशेजारी बसून घारीएवढा आकार, न गळलेल्या पिसांची पाचरी शेपूट, गप्प बसलेला असतानाही गळ्यावर लोंबणारी झुपकेदार पिसं, वारा नसलेल्या मोकळ्या जागी दीर्घकाळ तरंगणं, आणि घुमणारी 'क्रोंक' हाक मुद्रित.

गळ्याच्या दाढीबाबत 'गप्प बसलेला असताना' ही अट मुद्दाम घातली आहे. डोमकावळा ओरडताना गळा फुगवतो आणि तेवढ्यापुरती त्याला दाढी येते. ओरडतानाचाच फोटो पुरावा म्हणून पुढे येतो, कारण तोच नाट्यमय असतो.

तीन खुणा जमल्या नाहीत तर नोंदीत 'डोमकावळा' लिहा. तेही ठाम नसेल तर 'कावळा, जात अनिश्चित' लिहा. पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळांवर असा पर्याय असतो, आणि तो वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

या गोष्टींवरून जात ठरवू नका

अन्न लपवून ठेवणं, घारीच्या मागे लागणं, मेलेल्या जनावरावर जमणं, संध्याकाळी थव्याने एका झाडावर रात्रवस्तीला येणं, जोडीने दीर्घकाळ राहणं, हे सगळं कावळ्यांत आणि रेव्हनमध्येही आढळतं. नर-मादी दिसायला सारखेच. हुशारीवरून तर मुळीच नको. डोळ्यादेखत सुक्या बोंबिलाची माळ सोडवणारा पक्षी साधा गावकावळाच असतो.

परिसरावरून मात्र थोडा आधार मिळतो. गावकावळा माणसाला धरून राहतो. वस्तीपासून लांब दाट रानात काळा कावळा दिसला तर तो डोमकावळा असण्याची शक्यता फार. उलट नियम चालत नाही: डोमकावळा वाडीतही असतो, परसात येतो, कोंबडीची पिल्लं आणि अंडी पळवतो. विणीचा हंगामही थोडा मदतीला येतो. गावकावळ्याची घरटी मुख्यतः एप्रिल ते जून, डोमकावळ्याची त्याआधी सुरू होतात.

नावात किंवा रंगात कावळा, पण कावळा नाही

कोकीळ नर संपूर्ण काळा, पण डोळा लाल आणि चोच फिकट हिरवट. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून मे-जूनमध्ये कावळ्याकडून घास मागणारं ठिपक्यांचं पिल्लू दिसलं तर ती कावळ्याची वेगळी जात नसून कोकिळेचं पोर आहे. कोतवाल काळा असला तरी शेपूट दुभंगलेली आणि अंगाने कावळ्याहून पुष्कळ बारीक. भारद्वाज, ज्याला काही ठिकाणी कुंभारकावळा म्हणतात, त्याचे पंख विटकरी; तो कोकिळेच्या कुळातला. पाणकावळा खाडीत खुंटावर पंख पसरून वाळत बसतो, त्याच्या पायाची बोटं पडद्याने जोडलेली. उलट गंमत टकाचोराची: रंगाने तांबूस-राखी, शेपूट लांबलचक, कुणी त्याला कावळा म्हणणार नाही, पण कुळ कावळ्याचंच.

टप्पा ८: नोंद

जागेवरच लिहा, घरी येऊन नाही. घरी पोचेपर्यंत स्मरणातला कावळा वाढत जातो. क्रम असा ठेवा: तारीख आणि वेळ, ठिकाण, उजेड कुठून होता, मान, चोच, शेजारी कुठला पक्षी होता आणि त्याच्या तुलनेत आकार, आवाज, शेपूट. जातीचं नाव सगळ्यांत शेवटी. नाव आधी लिहिलं की बाकीच्या खुणा त्याला जुळवून लिहिल्या जातात.

फोटो तीन लागतात: बाजूने चोच, मागून मान, आणि खालून पसरलेली शेपूट. कितीही सुंदर असला तरी एका फोटोवर पूर्ण काळ्या कावळ्याची जात ठामपणे सांगता येत नाही. आणि संगणकावर फोटो उजळ करताना सावल्या फार वर खेचू नका. डोमकावळ्याची मान त्यात राखी होते आणि पुन्हा टप्पा २ पाशी येऊन पोचता.

तुमची जुनी नोंद 'रेव्हन' अशी असेल तर ती काढून टाकण्याऐवजी दुरुस्त करा. तारीख, ठिकाण आणि फोटो उपयोगाचेच आहेत, फक्त नाव बदलायचं आहे.

*खबरदारी:* नीट पाहायला मिळेल म्हणून मेलेला कावळा हाताने उचलू नका. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मृत कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. एकाच ठिकाणी दोन-तीन कावळे मेलेले दिसले तर लांबूनच फोटो घ्या, मुलं आणि कोंबड्या तिकडे जाणार नाहीत असं पाहा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. घरट्याखालीही फार वेळ उभं राहू नये. पिल्लं असताना कावळे मागून येऊन डोक्यावर चोच मारतात, तेव्हा टोपी किंवा छत्री घेऊनच जा.